गोळी घेऊ की इंजेक्शन? मेडिकलच्या काउंटरवरून

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं मेडिकल आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी या काउंटरमागे उभी आहे. फार्मसी शिकलेय, परवाना माझ्याच नावावर आहे. २०२५ च्या मार्चमध्ये वजन आणि साखर उतरवणारं मौंजारोचं इंजेक्शन आलं, मग त्याच जातीची आणखी दोन, जूनमध्ये वेगोव्ही आलं, डिसेंबरात ओझेम्पिक आलं. मार्च २०२६ मध्ये या शेवटच्या दोन्हींत असलेल्या औषधाचं, म्हणजे सेमाग्लुटाइडचं, भारतातलं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांची इंजेक्शनंही यायला लागली. तेव्हापासून रोज कुणीतरी काउंटरवर कोपर टेकतं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही ना ते बघतं आणि हळू आवाजात विचारतं, "ताई, ते वजनाचं औषध गोळीत मिळतंय का? सुई नको."

सुईची भीती असते हे खरं, पण तिच्याहून मोठी एक समजूत यामागे आहे. आपल्याकडे गोळी म्हणजे साधं औषध आणि इंजेक्शन म्हणजे जोराचं. गोळीनं ताप उतरला नाही की डॉक्टर सुई देतात, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यामुळे लोक घरूनच ठरवून येतात, की आधी गोळीनं बघू, नाहीच जमलं तर इंजेक्शन. या औषधांना ती मोजपट्टी लागू पडत नाही. गोळीत आणि पेनमध्ये, म्हणजे पेनासारख्या दिसणाऱ्या इंजेक्शनमध्ये, औषध एकच असू शकतं, आणि मळमळही तीच होते. तुमच्या घरातली सकाळ कशी जाते, फ्रिज कसा आहे, आणि आधीच्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, यावर खरा फरक पडतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं तपासून घेतलंत तर निम्मा निर्णय घरीच होतो. ते कसं करायचं ते सांगते. औषध द्यायचं की नाही आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. चिठ्ठीशिवाय हे औषध मी कुणालाच देत नाही, माझ्या सख्ख्या नणंदेलाही नाही.

वन्संची सकाळ

वन्सं शिवाजी पेठेत राहतात. वय ५२, उंची पाच फूट एक इंच, वजन तेव्हा ८६ किलो. टाइप २ मधुमेह आठ वर्षांपासून, थायरॉईड त्याच्याही आधीपासून. त्यांच्या डॉक्टरांनी रायबेल्सस लिहून दिली. ही सेमाग्लुटाइडची गोळी, भारतात २०२२ पासून मिळते. पहिला महिना ३ मिलिग्रॅम, मग ७, गरज पडली तर १४. तिला मंजुरी आहे ती मधुमेहासाठी. वजन उतरतं तो सोबतचा फायदा. हे मी मुद्दाम सांगते, कारण मधुमेह नसलेली माणसंही हीच स्ट्रिप मागायला येतात.

दोन महिन्यांनी वन्सं दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढ्या महागाची गोळी, पण काटा काय हलंना."

मी म्हटलं, उठल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा. साडेपाचला उठायचं. पोट साफ व्हावं म्हणून अर्धा तांब्या कोमट पाणी प्यायचं. त्याच पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी आणि ही नवी गोळी, दोन्ही एकदम. तोवर दुधाची पिशवी आलेली असते, चहा टाकायचा, आणि दहाव्या मिनिटाला चहा आणि दोन बटर. नव्या गोळ्या त्या दर रविवारीच सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवायच्या.

यात एक सोडून चार गोष्टी चुकल्या होत्या, आणि त्यात माझीही चूक होती. स्ट्रिप हातात देताना मी नुसतं "उपाशीपोटी घ्या" म्हटलं होतं. आपल्याकडे उपाशीपोटी म्हणजे नाश्त्याच्या आधी. चहाला कुणी खाण्यात धरतच नाही. बावीस वर्षं हे ऐकत असूनही मी एक वाक्य जास्त बोलले नाही.

गोळीचे नियम एवढे कडक का, हे कळलं की ते पाळावेसे वाटतात. सेमाग्लुटाइड हे प्रथिनाच्या जातीचं औषध आहे. पोटात गेलं की मटणाच्या तुकड्यासारखं तेही पचून जायला लागतं. म्हणून गोळीत एसएनएसी नावाचा एक घटक सोबतीला घातलेला असतो. गोळी जठराच्या अस्तराला टेकून विरघळते, तेव्हा हा घटक तेवढ्या जागेपुरतं आम्ल थोपवतो आणि औषधाला अस्तरातून आत शिरायला मदत करतो. एवढं करूनही रक्तात पोचतं ते शंभरातला जेमतेम एक भाग, कधी तेवढंही नाही. पोटात जास्त पाणी असलं, चहा असला, बटर असलं, तर तो एक भागही हातचा जातो.

वन्संना मी हा हिशेब स्ट्रिपच्या पाठकोऱ्या बिलावर मांडून दाखवला. रोज १४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम गिळायचं. त्याच्या जवळपासचा परिणाम आठवड्यातून एकदा ०.५ मिलिग्रॅम टोचून मिळतो. तेव्हा गोळीवरचा आकडा आणि पेनवरचा आकडा शेजारी ठेवून कोणतं जोराचं हे ठरवायला जाऊ नका. काउंटरवर ही चूक रोज होते.

तर गोळी घ्यायची ती अशी. उठल्यावर सगळ्यात आधी, साध्या पाण्याबरोबर, आणि पाणी १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. वन्संना मी खोकल्याच्या औषधाची १०० मिलिलिटरची रिकामी बाटली धुऊन दिली आणि सांगितलं, रात्री एवढंच पाणी भरून उशाशी ठेवा. गोळी अख्खी गिळायची. अर्धी करायची नाही, चावायची नाही, पूड करायची नाही. त्यानंतर निदान ३० मिनिटं चहा, दूध, पाणी, दुसरी कुठलीही गोळी, काहीच नाही. आणि गोळी घ्यायच्या क्षणापर्यंत ती तिच्याच पाकिटात राहू द्यायची, कारण ती दमट हवेत खराब होते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठसुद्धा बरणीत ओलं होतं. मग कप्प्यांच्या डबीत सात दिवस उघड्या पडलेल्या गोळीचं काय होत असेल?

थायरॉईडची गोळी हा वेगळाच गुंता आहे, आणि तो घरोघरी आहे. तिलाही उपाशी पोटच लागतं. त्यात पित्ताची गोळी सकाळी घेणारे असतील तर एका रिकाम्या पोटावर तीन दावेदार. शिवाय सेमाग्लुटाइडच्या गोळीबरोबर थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतलं औषध, घेतलं तर रक्तातलं थायरॉक्सिन साधारण एक तृतीयांशानं वाढतं, असं अभ्यासात दिसलंय. म्हणून कोणती कधी घ्यायची हे मनानं ठरवू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि काही आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. वन्संच्या डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी, अशी हलवली.

गोळी सुरू करण्यापूर्वी एक रंगीत तालीम करा, असं मी आता सगळ्यांना सांगते. औषध न घेता सात दिवस करून बघायची. उठलात की अर्धा पेला पाणी प्या, मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा, आणि तो वाजेपर्यंत तोंडात काही घालू नका. सातपैकी सहा दिवस सहज जमलं तर गोळी तुमच्यासाठी आहे. रंकाळ्यावर फिरायला जाऊन कट्ट्यावरच्या चहानंच दिवस सुरू करणारे, शिरोली एमआयडीसीत शिफ्ट बदलली की झोपेची वेळ बदलणारे, सकाळी दोन मुलांचे डबे करता करता पातेल्यातलं चाखून बघणाऱ्या बायका, या सगळ्यांना ही तालीम तिसऱ्या दिवशीच उत्तर देते. न जमणं हा काही तुमचा दोष नव्हे. औषधाचा आणि घराचा मेळ बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सुई केवढी असते ते आधी बघा

पूर्वी तालमीत घुमलेले एक आबा आमचे जुने गिऱ्हाईक. वजन ११२ किलो, दोन्ही गुडघे गेलेले, शस्त्रक्रियेआधी वजन उतरवा असं डॉक्टरांनी बजावलेलं. चिठ्ठी खिशात घालून दोन महिने फिरले. शेवटी दुकानात आले तेव्हा मी पेनची सुई टोपण काढून काउंटरवर ठेवली आणि शेजारी घरच्या तांदळाचा एक दाणा ठेवला. सुई ४ मिलिमीटरची, दाण्यापेक्षा आखूड. आबांनी चष्मा वर करून खाली वाकून पाहिलं. "एवढ्यासाठी मी दोन महिने झोपलो न्हाई व्हय!"

तेव्हा ज्यांना सुईची धास्ती आहे त्यांनी आधी सुई बघायला मागा. कुठल्याही मेडिकलवाल्यानं दाखवायला हरकत घेऊ नये.

टोचायचं पोटावर, बेंबीपासून निदान तीन बोटं लांब, किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला. दंडावर दुसरं कुणी देणार असेल तर. दर आठवड्याला जागा बदलायची. नवीन पेन पहिल्यांदा वापरताना सुईच्या टोकावर थेंब येतो का ते बघायचं. दाब देऊन आकडा शून्यावर आला तरी लगेच सुई ओढायची नाही. खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलंय तेवढं, सहसा सहापर्यंत, सावकाश मोजायचं. आबा पहिल्या वेळी तीनवरच ओढायला निघाले होते, मी हात धरून ठेवला. प्रत्येक वेळी नवी सुई, आणि झाल्यावर सुई काढूनच पेन ठेवायचं. जेवणाशी काही संबंध नाही, सकाळी घ्या की रात्री.

वार मात्र विचार करून धरा. मळमळ झालीच तर सहसा पहिल्या एकदोन दिवसांत जास्त जाणवते. शनिवारी टोचून रविवारी तांबड्या रश्श्याला बसणार असाल तर हाल ठरलेले. आबांनी सोमवार धरला. उपवासाचा वार, विसरायचा प्रश्न नाही, आणि पुढच्या रविवारपर्यंत पोट सावरलेलं असतं.

वार चुकला तर प्रत्येक औषधाचा नियम वेगळा आहे. वेगोव्हीचा पुढचा डोस दोन दिवसांपेक्षा जास्त लांब असेल तर आठवलं की घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा. मौंजारोला चार दिवसांपर्यंत मुभा आहे. गोळी चुकली तर त्या दिवसाची सोडायची आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी एकच घ्यायची. भरपाई म्हणून दोन डोस एकत्र कधीच नाहीत.

लाल टोपणाची सिरिंज

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण यात चूक झाली तर ती मोठी होते.

मौंजारो आपल्याकडे पहिल्यांदा आलं ते छोट्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये. एका व्हायलमध्ये एकच डोस, ०.५ मिलिलिटर. पेन असलं की आकडा फिरवला की काम झालं. व्हायल असली की सिरिंजनं ओढावं लागतं, आणि बहुतेक घरांत लोक हाताशी असलेली इन्सुलिनची सिरिंज घेतात. भारतात इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंजा चालतात. लाल टोपणाची, ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, आणि नारिंगी टोपणाची, १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ०.५ मिलिलिटर म्हणजे नारिंगी सिरिंजवर ५० ची खूण, आणि लाल सिरिंजवर २० ची. शेजारणीनं फोनवर "पन्नासपर्यंत ओढ" सांगितलं आणि घरात लाल सिरिंज असली तर काय गोंधळ होईल, बघा. जी व्हायल एकाच डोसची नाही, तिच्यात तर दुप्पट-अडीचपट औषध अंगात जाऊ शकतं.

म्हणून व्हायल घेत असाल तर युनिटमध्ये बोलूच नका. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून मागा, सिरिंज त्याच दुकानातून त्याच वेळी घ्या, आणि पहिला डोस दुकानदाराच्या किंवा नर्सच्या डोळ्यांसमोर ओढून दाखवा. नजर अधू असेल किंवा हात थरथरत असतील तर सरळ पेनच लिहून द्यायला सांगा, चार पैसे जास्त गेले तरी.

फ्रिज, बस आणि मे महिना

गोळीला फ्रिज लागत नाही, आणि काहींसाठी एवढ्यावरच निर्णय होतो. आमच्याकडे येणारे औषध कंपनीचे एक मधुमेही एमआर महिन्यातले वीस दिवस सांगली, रत्नागिरी, बेळगाव असे फिरतीवर असतात. लॉजवर एकटे, सकाळी चहा मागवल्याशिवाय येत नाही. अर्धा तास थांबणं त्यांना जड नाही. पेन थंड ठेवणं जड आहे. त्यांना गोळीच बरी पडली.

न उघडलेलं पेन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं. उघडल्यावर किती दिवस बाहेर चालतं हे औषधागणिक बदलतं, पत्रकावर बघा. बहुतेकांना कमाल ३० अंशांची मर्यादा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघरातल्या फळीवर ३० अंश सकाळी दहालाच ओलांडतात. तेव्हा उन्हाळ्यात उघडलेलं पेनही फ्रिजमध्येच असू दे. फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, पाठीमागच्या बर्फाळ भिंतीला न टेकवता, डब्यात घालून. दारातल्या कप्प्यात नको, ते दिवसातून पन्नासदा उघडतं.

बर्फाच्या खणात तर मुळीच नको. गेल्या मे महिन्यात एका बाईंच्या सुनेनं "थंड ठेवायचं आहे ना" म्हणून पेन वरच्या खणात, आंब्याच्या रसाच्या डब्याशेजारी ठेवलं. सकाळी बाहेर काढलं, वितळलं, दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. बाई घेऊन आल्या, "चालंल का हो?" चालत नाही. एकदा गोठलेलं औषध टाकून द्यायचं, मग ते किती का किमतीचं असेना. त्या बाई काउंटरवर रडल्या आणि ती सून बाहेर स्कूटरजवळ उभी होती, आत यायची तिची हिंमत होईना. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून पेनच्या खोक्यावर मी स्केचपेननं मोठं लिहून देते: "बर्फात नको".

दुसरी गोष्ट, पुण्यातून कुणी स्वस्तात पाठवतो म्हणून बसच्या डिकीतून पार्सल मागवू नका. सव्वादोनशे किलोमीटर, भर दुपार, डिकीखाली इंजिनाची धग. औषध खराब झालं की रंग बदलेलच असं नाही. ते फक्त काम करत नाही, आणि तुम्ही म्हणता इंजेक्शनचा गुण आला नाही.

कशानं किती उतरतं

हे आकडे मोठ्या चाचण्यांतले आहेत, सरासरीचे. तुमचं वेगळं असेल. वेगोव्हीचं २.४ मिलिग्रॅमचं इंजेक्शन: ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसतं आहार-व्यायाम करणाऱ्यांचं २.४ टक्के. मौंजारोचं औषध टिर्झेपॅटाइड, सगळ्यात मोठा डोस: ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के. दोन्ही समोरासमोर ठेवून केलेल्या २०२५ च्या चाचणीत टिर्झेपॅटाइड २०.२ आणि सेमाग्लुटाइड १३.७ टक्के.

गोळीचं काय? १४ मिलिग्रॅमच्या रायबेल्ससनं मधुमेहींच्या चाचणीत २६ आठवड्यांत साडेतीन ते चार किलो उतरले. पण अमेरिकेत डिसेंबर २०२५ मध्ये वजनासाठी म्हणूनच २५ मिलिग्रॅमची सेमाग्लुटाइडची गोळी मंजूर झाली, आणि तिच्या चाचणीत ६४ आठवड्यांत सरासरी १३.६ टक्के उतरले. म्हणजे इंजेक्शनच्या जवळपास. तेव्हा गोळीत दम नाही असं म्हणता येत नाही. डोस पुरेसा हवा आणि रोजचा अर्धा तास पाळायला हवा. ऑर्फोरग्लिप्रॉन नावाची आणखी एक गोळी आहे, ती प्रथिनाच्या जातीची नसल्यानं तिला उपाशी पोटाची अट नाही. तिच्या चाचणीत ७२ आठवड्यांत ११ ते १२ टक्के उतरले.

ऑर्लिस्टॅटची कॅप्सूल ही या सगळ्यांहून निराळी. ती भुकेवर काम करत नाही. जेवणातल्या तेला-तुपाचा साधारण तिसरा हिस्सा न पचवता बाहेर काढते. मिसळीचा कट ओरपून ही कॅप्सूल घेतली तर तेल कपड्यांना लागतं, आणि हे कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून माणसं घाबरून येतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही त्या तेलाबरोबर जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री वेगळं घ्यावं लागतं.

खर्चाचा हिशेब वर्षाचा मांडा. डोस वाढत जातो तशी किंमत वाढते, हे पहिल्या महिन्याच्या बिलावरून कळत नाही. मौंजारो आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची व्हायल ३,५०० रुपयांना होती आणि ५ ची ४,३७५ ला. ही एका आठवड्याची. ५ वर तेव्हा महिना साडेसतरा हजार पडायचे. देशी सेमाग्लुटाइडमुळे आता पर्याय वाढलेत, पण डॉक्टरांना न विचारता एका औषधावरून दुसऱ्यावर उडी मारू नका. टिर्झेपॅटाइडचे २.५ मिलिग्रॅम आणि सेमाग्लुटाइडचे २.४ मिलिग्रॅम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

हा खर्च सहा महिने झेपेल आणि मग बंद करू, असं म्हणणाऱ्यांना मी जपून पण स्पष्ट सांगते. सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा पुढे वर्षभर मागोवा घेतला तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. हे रक्तदाबाच्या गोळीसारखं लांबचं काम आहे.

डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगायचं

गोळी पोटाला बाधेल, इंजेक्शनचं तसं नाही, हा आणखी एक गैरसमज. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता, जुलाब हे औषध रक्तात गेल्यावर मेंदूवर आणि आतड्यांवर जे काम करतं त्यानं होतं. ते दारातून आलं काय नि खिडकीतून आलं काय. तसंच, "गोळी बरी, त्रास झाला की बंद, दुसऱ्या दिवशी मोकळे" हेही खरं नाही. सेमाग्लुटाइड कोणत्याही वाटेनं आत गेलं तरी रक्तातलं निम्मं औषध उतरायला साधारण आठवडा लागतो. म्हणून डोस हळूहळूच वाढवायचा. वेगोव्हीत ०.२५ पासून २.४ पर्यंत जायला सोळा आठवडे लागतात, ते याचसाठी. शेजारचा दोन महिन्यांत बारीक झाला म्हणून पायऱ्या गाळू नका.

मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते सांगाच, कारण साखर खाली जाऊ शकते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉईड कॅन्सर झाला असेल तर हे औषध नाही. नेहमीच्या थायरॉईडचा आणि याचा संबंध नाही, वन्संना हेच वाटून झोप लागत नव्हती. स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताचे खडे असतील, मधुमेहानं डोळ्यांचा पडदा बिघडला असेल तर सांगा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपॅटाइड घेणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर असलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवा, की औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे त्या गोळ्यांवर विसंबता येत नाही. दुसरी खबरदारी हवी. हे विचारायला लाजू नका. मी विचारते, दुकान रिकामं झाल्यावर. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं. आबांना गुडघ्यांच्या वेळी हे सांगावं लागलं.

पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन पाठीत जायला लागली आणि उलट्या थांबेनात, तर पुढच्या डोसची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठा.

जेवणाचं एवढंच, की भूक नाही म्हणून नुसत्या चहा-बटरवर दिवस काढू नका. चरबीबरोबर स्नायूही उतरतात. अंडी, उसळ, दूध, मटणाचे चार तुकडे आधी खा, भात-भाकरी नंतर. पाणी दिवसभर घोट घोट प्या. आबांना हे पटवायला वेळ लागला नाही. शरीर कमवायला काय लागतं हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. वन्संच्या गोळीचा सकाळचा मेळ आम्ही बसवला होता, दीड महिना छान चाललाही. मग लेक बाळंतपणाला आली आणि पहाटेची घडी मोडली. डॉक्टरांनी इंजेक्शनवर आणलं. आता शुक्रवारी, अंबाबाईला जाऊन आल्यावर घेतात. वजन ७८ आहे.

कुठून घ्यायचं, आणि सुईचं काय करायचं

बिल, बॅच नंबर, एक्सपायरी, आणि हातात देताना खोकं थंड आहे का, हे चारही बघा. नकली सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये इशारा दिलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विकणाऱ्यांकडून घेऊ नका. "शंभर टक्के आयुर्वेदिक, महिन्यात दहा किलो" अशा पुड्या तर नकोतच. अशा मालात सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं जगभर सापडलंय, आणि हृदयाला धोका म्हणून ते भारतात २०११ पासून बंद आहे.

वापरलेल्या सुया पाण्याच्या पातळ बाटलीत भरू नका, सुई आरपार येते. फिनेलचा किंवा कपड्याच्या साबणाचा जाड प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला भोक न पाडता, आणि तीन-चतुर्थांश भरला की टेप लावून दुकानात आणून द्या. आम्ही तो दवाखान्याच्या जैविक कचऱ्यात पाठवतो. आमच्या गल्लीत घंटागाडीवर येणाऱ्या मावशी कचरा हातानं वेगळा करतात. मागच्या पावसाळ्यात त्यांनी दुकानापुढे थांबून मला अंगठा दाखवला होता, कुणाच्या तरी पिशवीतली सुई लागलेली. तीन महिने तपासण्या करत होत्या. मी काउंटरखाली आता रिकामे डबे धुऊनच ठेवलेत, पेनबरोबर एक तसाच देते, त्याचे पैसे घेत नाही.